अक्षर आणि रुजवात

जुन्या मामलेदार कचेरीतून जमिनीच्या एखाद्या दस्तऐवजाची नक्कल ज्यांनी कधी मागवली असेल, त्यांना त्या कागदाच्या तळाशी असणाऱ्या दोन सह्या आठवत असतील. एक सही नक्कल करणाराची आणि दुसरी रुजवात घेणाराची. एका कारकुनाने अस्सलावरून मजकूर उतरवावयाचा, दुसऱ्याने अस्सल व नक्कल शेजारी शेजारी ठेवून शब्दन् शब्द पडताळावयाचा, चूक आढळल्यास ती दुरुस्त करावयाची, आणि मगच ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून कागद पक्षकाराच्या हाती द्यावयाचा, असा तो रिवाज होता. लिहिणारा कितीही वाकबगार असला तरी केव्हा ना केव्हा त्याचा हात चुकणारच, हे गृहीत धरूनच ती तजवीज केलेली असे. तीत नकलनवीसाचा अवमान नव्हता, मनुष्यस्वभावाची जाण होती. कर्करोगाच्या मुळाशी काय आहे याविषयी गेल्या अर्धशतकात जे संशोधन झाले, ते समजून घेण्याचा यथाशक्ति प्रयत्न करीत असताना मला ही दुसरी सही पुनःपुन्हा आठवत राहिली, आणि तिच्याबरोबरच माझ्या थोरल्या आत्याने मला विचारलेला एक प्रश्नही आठवत राहिला.

आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता. छातीतील गाठ तिने कित्येक महिने कोणास सांगितली नाही. सांगितली तेव्हा ती देवघरात जाईनाशी झाली होती, कारण ज्या देहाला देवाने असा डाग दिला त्या देहाने देवाला शिवू नये, अशी तिची समजूत झाली होती. उभ्या आयुष्यात जिने कोणाचे वाईट चिंतिले नाही, दारी आलेल्यास जिने विन्मुख पाठविले नाही, त्या बाईने एके दिवशी तिन्हीसांजेला माझा हात हातात घेऊन विचारले, “माझ्या हातून असं काय रे पाप घडलं असेल?” मी तेव्हा तरुण होतो. “तसं काही नसतं, आत्या,” एवढेच मी बोललो. पण त्या बोलण्याला माझ्यापाशी काहीही आधार नव्हता, आणि आधार नाही हे तिलाही कळले. १९८६ साली ती गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या हयातीत मला देता आले नाही. ते देण्याचा हा उशिराचा प्रयत्न आहे.

आपल्या भाषेत लिपीतील चिन्हाला अक्षर म्हणतात, आणि अक्षर या शब्दाचा मूळचा अर्थ ‘जे क्षरत नाही, झिजत नाही ते’ असा आहे. १९५३ साली डीएनएच्या रेणूची रचना उलगडली आणि प्राण्याचा सारा वारसा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो हे स्पष्ट झाले, तेव्हा शास्त्रज्ञांनीही, आपल्या नकळत, या अक्षरांना त्या मूळ अर्थानेच अक्षर मानले. जो मजकूर पिढ्यान्‌पिढ्या आणि युगानुयुगे अबाधित चालत येतो तो मुळात अत्यंत टिकाऊ द्रव्यावर लिहिलेला असला पाहिजे, हा त्यांचा तर्क वरकरणी निर्दोष होता. स्वीडनच्या टोमास लिंडाल यांनी मात्र या गृहीतावर एक साधा प्रश्न विचारला : हे द्रव्य खरोखर किती टिकाऊ आहे? प्रयोगाअंती त्यांना जे दिसले ते त्या काळी कोणाच्याही कल्पनेत नव्हते. प्रत्येक पेशीतील डीएनएला दररोज हजारो ठिकाणी इजा होते. अक्षरे गळून पडतात, एका अक्षराचे दुसरे होते, धागे तुटतात; आणि हे घडण्यासाठी बाहेरून विष यावे लागते असेही नाही. पेशीतील पाणी, देहाची ऊब आणि श्वासावाटे घेतलेला प्राणवायू एवढे त्याला पुरेसे असते. संस्कृतात पाण्यालाच जीवन असे नाव आहे. त्याच जीवनाच्या सान्निध्यात जीवनाचा लेख क्षणोक्षणी झरत असतो. डीएनएची अक्षरे क्षर आहेत, हा लिंडाल यांच्या शोधाचा पूर्वार्ध.

उत्तरार्ध त्याहून विलक्षण आहे. लेख जर इतक्या वेगाने झिजत असेल, तर तो केव्हाच नाहीसा व्हावयास हवा होता. ज्याअर्थी तो शिल्लक आहे, त्याअर्थी कोणीतरी अहोरात्र त्याची डागडुजी करीत असले पाहिजे. १९७४ साली लिंडाल यांना जिवाणूच्या पेशीत असे एक विकर सापडले की जे सायटोसीन या अक्षराचे झिजून झालेले युरॅसिल नेमके ओळखते आणि तेवढेच कापून काढते. मग इतर विकरे येऊन रिकाम्या जागी योग्य अक्षर बसवितात आणि धागा सांधतात. तुर्कस्तानातील सावुर या लहानशा गावी, ज्यांना शाळेत जावयास मिळाले नव्हते अशा आईबापांच्या पोटी जन्मलेल्या आणि काही काळ खेड्यात वैद्यकी केलेल्या अझीझ सान्जार यांनी अमेरिकेत जाऊन दुसऱ्या एका दुरुस्तीचा छडा लावला. सूर्याच्या अतिनील किरणांनी डीएनएची शेजारची दोन अक्षरे एकमेकांस जखडली जातात, तेव्हा जिवाणूची पेशी त्या अक्षरांसकट बारा-तेरा अक्षरांचा तुकडाच उचलून टाकते आणि समोरच्या धाग्यावरून तो नव्याने लिहून घेते, हे त्यांनी १९८३ साली दाखविले. मनुष्याच्या पेशीतही रीत तीच. तुकडा तेवढा अधिक लांबीचा.

तिसरे संशोधक पॉल मॉड्रिच यांनी जे शोधले ती शब्दशः रुजवात आहे. पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते. नक्कल करणारे विकर लाखामागे एखादे अक्षर चुकीचे बसविते, त्यांतील बहुतेक चुका ते स्वतःच मागे वळून सुधारते, आणि तरीही ज्या राहतात त्यांसाठी पाठोपाठ एक निराळे पथक येते व दोन धाग्यांतील विजोड अक्षरांच्या जोड्या हुडकते. परंतु येथे एक अडचण उभी राहते, आणि ती ज्याने दप्तराचे काम केले आहे त्याच्या तत्काळ ध्यानी येईल. दोन कागदांत तफावत असेल तर त्यांतील अस्सल कोणता आणि नक्कल कोणती हे कसे ठरवावयाचे? ते कळले नाही तर रुजवात घेणारा नकलेवरूनच अस्सल बिघडवून ठेवावयाचा. जिवाणूच्या जुन्या धाग्यावर ठराविक ठिकाणी एक बारीक रासायनिक खूण असते, नव्या धाग्यावर ती उमटावयास काही काळ जावा लागतो, आणि तेवढ्या अवधीत दुरुस्तीचे पथक खूण पाहून अस्सल ओळखते व नक्कल सुधारते, हे मॉड्रिच यांनी उलगडून दाखविले. मनुष्याच्या पेशीत ही ओळख निराळ्या चिन्हांवरून पटते, पण कार्य तेच चालते. या सर्व तपासण्या पार पडल्यावर चुकीचे प्रमाण अब्ज अक्षरांमागे एखाद्या अक्षरापर्यंत उतरते. २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून मिळाले.

ही रुजवात जेथे थांबते तेथे कर्करोगाचा प्रारंभ होतो. पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे यासंबंधीची आज्ञा ज्या जनुकांत लिहिलेली असते, त्यांतलीच अक्षरे बिघडली आणि बिघाड दुरुस्त न होता नकलांमागून नकलांत उतरत गेला, म्हणजे एके दिवशी एक पेशी शरीराचा अंमल जुमानीनाशी होते. याचा पहिला स्पष्ट पुरावा १९६८ साली मिळाला. सूर्यप्रकाश ज्यांच्या त्वचेला सोसवतच नाही आणि पुष्कळदा वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच ज्यांना त्वचेचा कर्करोग गाठतो, अशा एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाच्या रुग्णांच्या पेशी अमेरिकेतील जेम्स क्लीव्हर यांनी तपासल्या, तेव्हा अतिनील किरणांनी झालेली इजा दुरुस्त करण्याची शक्तीच त्या पेशींत उणावलेली आढळली. ऊन तुमच्याआमच्या त्वचेवर पडते तेच त्या लेकरांच्या त्वचेवर पडते. आपल्याकडे दुसरी सही करणारा हजर असतो, त्यांच्याकडे ती जागा रिकामी असते.

आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८९५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला शिवणकाम करून उदरनिर्वाह करणारी एक स्त्री भेटली. आपल्या कुळातील इतकी माणसे कर्करोगाने गेली आहेत की आपणही त्याच वाटेने जाणार, असे तिने त्याला सांगितले. आणि ती तशीच गेली. वॉर्थिनने तिचे बोलणे भोळसट म्हणून सोडून दिले नाही. त्याने त्या कुळाची वंशावळ मांडली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच यांनी अशा कुळांचा अभ्यास नेटाने चालविला, आणि १९९३ साली उलगडा झाला : अशा कुळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दोष रुजवात घेणाऱ्या जनुकातच असतो. स्तनाच्या कर्करोगाची कथा याच वळणाची आहे. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी आनुवंशिक स्तनकर्करोगाचे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. १९९४ व १९९५ साली अशी दोन जनुके प्रत्यक्ष हाती आली, आणि दोहोंचेही काम डीएनएचे दोन्ही धागे तुटले असता ते बिनचूक सांधण्यात साहाय्य करणे हे आहे असे पुढे निष्पन्न झाले. स्तनाच्या कर्करोगांपैकी शंभरात सुमारे पाच ते दहाच अशा वारशाने येतात. उरलेल्यांत अक्षरांची पडझड त्या एका आयुष्यातच, हळूहळू, कोणाच्याही नकळत साठत गेलेली असते.

आता आत्याच्या प्रश्नाकडे वळू. तिचा प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. त्याच्यामागे एक प्राचीन विचारपरंपरा उभी होती. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पातकामुळे देहावर कोणते व्यंग अथवा रोग उमटतो याची यादीच दिलेली आहे, आणि कर्मविपाकाच्या ग्रंथांनी ती यादी पुढे पुष्कळ वाढविली. कर्मसिद्धांताची थोरवी मी नाकारीत नाही. या विश्वात अंदाधुंदी नाही, केलेले वाया जात नाही, आपल्या कृत्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो, हा त्यातील नैतिक आग्रह असंख्य माणसांना सन्मार्गावर धरून राहिला आहे. परंतु जो नियम स्वतःच्या आचरणाला लावला असता माणसाला नम्र करतो, तोच दुसऱ्याच्या दुखण्याला लावला की निष्ठुर होतो. कर्त्याच्या विवेकासाठी निर्माण झालेला विचार आपण रुग्णाच्या अंथरुणाशी नेला आणि तेथे त्याचा निवाडा करून ठेवला, ही आपली चूक झाली.

हे मी केवळ आधुनिक शास्त्राच्या बळावर म्हणत नाही. आपल्या परंपरेतच याला आधार आहे. मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला विचारले की, मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय? संयुत्तनिकायात नोंदलेले बुद्धाचे उत्तर असे आहे की, काही वेदना पित्तामुळे उद्भवतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही त्यांच्या संनिपाताने, काही ऋतुपालटाने, काही हयगयीने, काही आघाताने आणि काही कर्मविपाकाने. सर्वच भोग पूर्वकर्माचे मानणारे लोक आपल्या आणि जगाच्या अनुभवाला सोडून बोलतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश असाच मुळाला हात घालणारा प्रश्न विचारतो की आयुष्याची मर्यादा ठरलेली असते की नसते, आणि त्याचे गुरू आत्रेय उत्तर देतात की ती दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून आहे. सारे ठरलेलेच असते तर औषधाचे प्रयोजन काय उरले? वैद्यकाचा पाया घालणाऱ्या मनुष्याने रोगाचा निवाडा दैवाकडे सोपविला नाही, ही गोष्ट आपण विसरलो.

कोणी म्हणेल की, जनुके म्हणजे तरी काय, प्रारब्धाचेच नवे नाव. आपण न केलेल्या गोष्टीचा भार जन्मतः आपल्या माथी येतो, तेव्हा नाव बदलल्याने काय बदलले? उपमा मोहक आहे, पण ती निभत नाही. प्रारब्धाच्या कल्पनेत एक खतावणी आहे; जमेला पुण्य, नावे पाप, आणि भोगाने फिटणारी बाकी. अक्षराच्या झिजेला असली खतावणी नाही. पाण्याचा रेणू सायटोसीनवर आदळतो तेव्हा ती पेशी सज्जनाची की दुर्जनाची हे त्याला ठाऊक नसते. ज्या लेकराला ऊन सोसत नाही, त्याच्या आईबापांपैकी प्रत्येकाकडे त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक धड असते, दोघेही धडधाकट असतात, आणि चार अपत्यांमागे सरासरी एकाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येतात. यात कोणाचा गुन्हा शोधावा? गतजन्मीच्या कृत्यामुळेच त्या जीवाने असे आईबाप निवडले, असे कोणी म्हणू लागल्यास ते खोडता येणार नाही हे खरे. पण ज्या विधानाने कोणत्याही घटनेचा खुलासा सारख्याच सुलभतेने होतो आणि जे दुखणेकऱ्याच्या दुःखात लाजेची भर घालण्यापलीकडे काही करीत नाही, ते कवटाळून बसण्याने धर्माची सेवा होत नाही.

याचा अर्थ मनुष्याच्या हाती काहीच नाही असा नव्हे. चरकाने प्रज्ञापराध नावाचे रोगकारण सांगितले आहे : कळत असून न वळणे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ सालीच मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. या रोगाला वाट करून देणाऱ्या तंबाखूतील द्रव्ये डीएनएच्या अक्षरांना जाऊन चिकटतात आणि दुरुस्तीच्या यंत्रणेला पुरे पडू देत नाहीत, हे आज सिद्ध आहे. तरी आपल्याकडे हातावर तंबाखू-चुना मळला जातो आणि घराघरांतून मिस्री लावली जाते. परंतु येथेही जबाबदारीचा हिशेब नीट मांडला पाहिजे. ज्याने ती पुडी विकण्यात धन केले आणि ज्याने तिच्यावर कर घेतला, त्यांची नावे त्या हिशेबात आली पाहिजेत. पहाटेपासून राबताना भूक मारण्यासाठी गालात तंबाखू धरणाऱ्या मजुराकडेच सारी बाकी दाखविणे न्यायाचे नाही.

यानंतर एक अधिक खोल शंका उरते, आणि श्रद्धावंताने ती टाळू नये. ईश्वराने, अथवा सृष्टीने म्हणा, ही रुजवात परिपूर्णच का केली नाही? अब्जामागे एक चूक तरी का राहू दिली? शास्त्राचे उत्तर असे की, एकही चूक राहिली नसती तर आदिकाळच्या सूक्ष्म जिवाची तंतोतंत नक्कलच आजवर निघत राहिली असती. वनस्पती, पक्षी, मनुष्य यांपैकी काहीच झाले नसते. प्रत्येक नवजात बालकात आईबापांकडे नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात. जी फट कर्करोगाला वाट देते, तीच फट विविधतेला वाट देत आली आहे. हे सत्य मला गंभीर करते, पण मी त्याचा सांत्वन म्हणून उपयोग करणार नाही. आजारी लेकराच्या आईला उत्क्रांतीचा महिमा सांगणे हे पूर्वजन्मीचे पाप सांगण्याइतकेच अमानुष होईल. सृष्टीच्या एकंदर व्यवहाराचा अर्थ लागणे वेगळे आणि एका जिवाच्या यातनेचे समर्थन होणे वेगळे. पहिले काहीसे साधते, दुसरे साधत नाही, आणि ते साधल्याचा आव आणू नये.

साधते ते एवढेच की आपणही रुजवात घेणारांच्या रांगेत उभे राहावे. ज्या अर्बुदात धागे बिनचूक सांधण्याची एक वाट बंद असते, त्याच्या पेशी डागडुजीच्या दुसऱ्या वाटेवर तग धरून असतात. औषधाने ती दुसरी वाट अडविली तर त्या पेशी मरतात, आणि निरोगी पेशींची पहिली वाट शाबूत असल्याने त्या पुष्कळ अंशी तरतात. २००५ साली दोन संशोधकगटांनी हे प्रयोगशाळेत दाखविले, आणि या तत्त्वावरील पहिल्या औषधाला २०१४ साली बीजकोशाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. जी उणीव रोगाला कारण झाली तीच त्याच्या नाशाला कारण करावी, हा पुरुषकार चरकाला निःसंशय आवडला असता.

आत्याला आज जे सांगावेसे वाटते ते असे. आत्या, तुझ्या देहातील कोट्यवधी पेशींनी साठ वर्षे दिवसाला हजारो दुरुस्त्या करून तुला जगविले, आणि अखेरीस एक दुरुस्ती राहून गेली. त्यात तुझा अपराध काही नव्हता. देवघराचे दार तुझ्यासाठी उघडेच होते.

वाचकांस विनंती एवढीच की, कर्करोग झालेल्या माणसाच्या भेटीस जाल तेव्हा त्याच्या पापपुण्याची चौकशी करू नका आणि इतरांस करू देऊ नका. गाठ लपवून ठेवलेली कळली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कुळात हा रोग पुनःपुन्हा दिसत असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा रोग झाला ते एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद जाणत्या वैद्याला दाखवा. मिशिगनमधील त्या शिवणकाम करणाऱ्या बाईपाशी हीच माहिती होती, आणि ती कोणीतरी ऐकून घेतली म्हणून आज तिच्यासारख्या कुळांतील माणसे वेळीच तपासली जातात आणि वाचतात.